मशीन लावतोय

आमच्या घरात न दमणारी एकच चीज होती, ती म्हणजे बँडसॉ. बाकी आम्ही सगळे दमलेले. बा तर सकाळी उठायचाच दमलेला. चुलीपुढे उकिडवा बसून चहा पिताना तो कपाकडे अशा नजरेने बघायचा, की हाही आता कुठेतरी उचलून ठेवायचा आहे की काय. आई त्याला म्हणायची, "झोपून उठलास का काम करून उठलास?" तो कप खाली ठेवून मशीनकडे निघायचा. उत्तर द्यायलाही कष्ट पडतात. आज माझे गुडघे जिना चढताना करकरतात आणि सून विचारते, "बसता का जरा?" तेव्हा मला बाचा तो चेहरा आठवतो. हा दमण्याचा प्रकार झोपेने जाणारा नसतो हे मला फार उशिरा समजलं.

भिवंडीत कामतघरला आमचं घर म्हणजे पुढे कारखाना आणि मागे दोन खोल्या. कारखाना हा शब्द मोठा झाला. पत्र्याची शेड, दोन रंधे ठेवायचं टेबल, लाकडाची चळत आणि मधोमध तो बँडसॉ. एकावर एक अशी दोन मोठी चाकं, त्यांच्याभोवती दात्यांची पोलादी पट्टी गरगर फिरायची आणि टेबलातल्या फटीतून खाली जाताना समोर येईल ते लाकूड कापायची. बंद पडलेल्या एका वखारीतून बाने तो जुना उचलला होता. त्यावर आम्ही लूमसाठी, म्हणजे यंत्रमागांसाठी, पिकिंग स्टिक कापायचो. धोट्याला या टोकाकडून त्या टोकाला तडाखा देणारी ती लाकडी दांडी. गल्लीत दोन्ही बाजूंना लूम, शिफ्टमागून शिफ्ट चालणारे, आणि लूम चालला की स्टिक तुटणारच. त्यामुळे आम्हाला कामाला तोटा नव्हता. पण ते काम सगळं सरळ. सरळ लाकूड, सरळ रेघ, सरळ काप. वळण म्हणून आमच्या धंद्यात नव्हतंच.

लूमच्या त्या खडखडाटात आम्ही वाढलो. त्यामुळे आम्ही सगळे ओरडून बोलतो. लग्न होऊन मी दुसरीकडे गेले तेव्हा सासरची माणसं घाबरली होती, ही रागावली आहे का म्हणून. रागावले नव्हते, मीठ मागत होते. दहावी झाल्यावर मी मशीनवर उभी राहिले. तसं कोणी ठरवलं नाही. बाला मुलगा नव्हता, थोरली शारदाताई लग्न होऊन खाडीपलीकडच्या गावात गेली होती, आणि लाकूड ढकलायला दोन हात लागत होते. नातेवाइकांनी नाकं मुरडली. पोरीच्या जातीने असल्या मशीनपुढे उभं राहायचं म्हणजे काय. बा एवढंच म्हणाला, "मशीनला काय कलतंय पोरगा हाय का पोरगी." संध्याकाळी डोक्यातला भुसा झटकून मी आत यायची तेव्हा आईने तांदळाच्या भाकरी थापायला घेतलेल्या असायच्या. सोबत बोंबलाचं कालवण नाहीतर भाजलेली सुकट आणि कांदा. जेवण झालं की बा भिंतीला टेकून बसायचा आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा.

आता शारदाताईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. पहिलं आलं तेच रडलं नाही. दुसरा मुलगा होता. चांगला हातपाय हलवत होता, पण बारशाआधीच एका सकाळी थंडगार झाला. नाव ठेवायचं राहून गेलं. आमच्यात पहिल्या मुलाचा पाळणा माहेरून जातो, आणि तो बाळ जन्मल्यानंतरच करायचा, आधी नाही. रिकामा पाळणा घरात आला की त्यात दुसरंच काहीतरी येऊन झोपतं, असं आई म्हणायची. सुताराच्या घरात असून बाने दोन्ही वेळा पाळण्याच्या लाकडाला करवत लावली नव्हती. पहिल्या वेळी लावायची वेळच आली नाही. दुसऱ्या वेळी फळ्या निवडून झाल्या होत्या, तेवढ्यात तिकडून माणूस आला. त्या फळ्यांचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही. ताई नंतर माहेरी आली की कारखान्यात पाऊल टाकायची नाही. मागच्या दाराने आत यायची आणि तशीच जायची.

तिला पुन्हा दिवस गेल्याची बातमी आली तेव्हा घरात कोणी हसलं नाही. आईने देवापुढे नारळ ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं. त्या संध्याकाळी लूमवाल्यांचं काम संपल्यावर मी मशीनचं बटण बंद केलं, तर बा म्हणाला, "पट्टी उतरव." रोजची पट्टी बोटाएवढी रुंद होती. ती उतरवली. मग त्याने खिशातून कागदात गुंडाळलेली दुसरी काढली, ती गव्हाच्या काडीएवढी. मी बघतच राहिले. एवढ्या बारीक पट्टीचं आमच्याकडे काय काम? सरळ कापायला ती काही उपयोगाची नाही, वाऱ्यावर जावी तशी जाते. बारीक पट्टी लागते ती वळणाला. जेवढं वळण लहान तेवढी पट्टी अरुंद. रुंद पट्टीला लाकडातल्या लाकडात वळता येत नाही, बैलगाडी जशी बोळात वळत नाही तशी. आणि पाळण्याच्या कडेवर पोपट असतात. पोपटाची मान असते, चोच असते. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला.

आई दारात येऊन उभी राहिली. "काय चाललाय?"

"काय न्हाय," बा म्हणाला. "मशीन लावतोय."

आई त्या पट्टीकडे बघत राहिली आणि आत गेली. तिलाही कळलंच असणार. सुताराची बायको होती ती. पण पाळणा आधी करायचा नाही अशी रीत होती, मशीन आधी लावायचं नाही अशी कुठली रीत नव्हती. रीतीत अशी बारीक फट असते, तेवढ्यातून दमलेली माणसं श्वास घेतात.

ते मशीन लावणं म्हणजे कर्मकठीण. चाकांवरच्या रबराला रुंद पट्टीने इतक्या वर्षांत खाच पाडली होती, बारीक पट्टी त्या खाचेत घसरायची आणि निसटायची. बाने सायकलची ट्यूब कापून दोन्ही चाकांवर चिकटवली. मग वरचं चाक हाताने फिरवायचं, पट्टी पुढे सरकते का मागे ते बघायचं, चाक जरासं कलवायचं, पुन्हा फिरवायचं. ती चाकाच्या मधोमध स्थिरावेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. ताणाचंही तेच. रोजच्या सवयीने मी आवळत गेले आणि पहिली पट्टी फटकन तुटली. तिला जोड मारून आणायला निजामपुऱ्यात रशीदचाचांकडे गेले. ते करवतीच्या पट्ट्या डाग देऊन जोडायचे. तुटलेली टोकं डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "बेटी, ये पट्टी नहीं, धागा है. बाप को बोल, इतना कसेगा तो रोज आना पड़ेगा. और बनाना क्या है इससे?"

मी म्हणाले, "कुछ नहीं चाचा. मशीन लगा रहे हैं."

"कुछ नहीं बनाने के लिए?" ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले, आणि जोड घासून इतका गुळगुळीत केला की कुठे जोडलंय ते बोटालाही कळेना.

पट्टी इकडे तिकडे डुलू नये म्हणून तिच्या दोन बाजूंना पोलादाचे छोटे ठोकळे असतात. बारीक पट्टीला ते चालत नाहीत, दाते घासले की धार मेली. बाने खैराच्या लाकडाचे ठोकळे घडवले, तेलात भिजवले आणि पट्टीला दोन्हीकडून अगदी बिलगून बसवले. मागून रेटा सांभाळणारं बेअरिंग पट्टीला चिकटवायचं नाही, मध्ये कॅलेंडरचा एक कागद जाईल एवढीच जागा ठेवायची. शेवटी मशीन चालू करून पट्टीच्या पाठीवर हलक्या हाताने धार लावायची सहाण धरायची, म्हणजे पाठीच्या दोन्ही कडा गोल होतात आणि पट्टी वळणात अडत नाही. एवढं सगळं झालं की भंगार लाकडाच्या तुकड्यावर पेन्सिलने कोयरी काढायची, गळासारखे आकडे काढायचे, नागमोडी रेघा काढायच्या आणि कापायच्या. पोपट मात्र नाही. पोपट एकदाही नाही. कोयरीला देठ आला तरी तो चोचीसारखा दिसतो म्हणून बा रेघ खोडायचा.

आणि सकाळी सगळं उतरवायचं, कारण स्टिकसाठी पुन्हा रुंद पट्टी हवी. संध्याकाळी पुन्हा बारीक. कितीतरी महिने आम्ही हेच केलं. दिवसभर लाकूड ढकलून खांदे गेलेले असायचे, त्यावर हे रोजचं लावणं आणि उतरवणं. मी चिडायची. एकदा म्हणालेसुद्धा, "बा, बाल झाल्यावर लावू की एकदाच. हे रोजचा कशाला?" तो चाक फिरवत होता. फिरवायचा थांबला नाही. म्हणाला, "तवा हात थरथरतील माझं." बाचे हात कशाने थरथरतात असं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी खाली वाकून बेअरिंगपाशी कागद धरला.

सातव्या महिन्यात ताई आली. पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं. तिचा नवरा तिला सोडायला आला होता, भला माणूस. पण निघताना मागे वळून असा बघत होता, की जणू तिला नाही, एखादं काचेचं भांडं ठेवून चाललाय. घरात सगळे तिच्याशी तसेच वागत होते. आई तिला पाण्याचा तांब्या उचलू द्यायची नाही. बाळाचा विषय कोणी काढायचा नाही, जसं ते पोटात नव्हतंच. हसणं नाही, दुपटी नाहीत, नाव काय ठेवायचं असली थट्टा नाही. सगळं झाल्यावर. ताई दिवसभर खाटेवर बसून पत्र्याकडे बघायची.

एका संध्याकाळी आम्ही मशीनपाशी होतो आणि ती पुढच्या दाराने कारखान्यात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चळतीवर टेकून बसली. खाली पडलेल्या कोयऱ्या, आकडे, वळणं यातलं एक उचललं, बोटाने कडेवरून फिरवलं. लाकूड कापणाऱ्याच्या मुलीला कळतंच, हे कशासाठी चाललंय. म्हणाली, "बा, पालना कर."

बाने मशीन बंद केलं. "करीन ना बाय. झाल्यावर करीन."

"झाल्यावर न्हाय. आता कर. मना बगाचा हाय."

आई आतून धावत आली. "येडी झाली का तू? रिकामा पालना आनतस घरात? सात पिढ्यांत कोनी केला न्हाय ता."

"केला न्हाय, म्हनून काय झाला?" ताईचा आवाज चढला नाही. तेच भयंकर होतं. "दोगं आली न् गेली, आय. त्यांच्या नावाचा ढलपा पन कोनी काढला न्हाय. एक टोपरा शिवला न्हाय. आली का न्हाय, कोनाला कलला पन न्हाय. यो पन जायाचा आसल तं जाईल. पन त्याच्यासाठी कोनीतरी काय तरी करून ठेवला व्हता, यवढा तरी मना पायजे."

आई म्हणाली, "करा. करा काय करायचा ता. माज्या घरात आनू नका." आणि आत जाऊन तिने दार ओढून घेतलं. बा मशीनच्या टेबलावरचा भुसा हाताने झाडत राहिला. रीत मोडायची तर आपल्या जिवावर मोडता येते, मुलीच्या पोटातल्या जिवावर कशी मोडायची? आज माझ्या वयाला मला त्याची ती अडचण कळते. तेव्हा मला फक्त ताईचं बरोबर वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, "शुक्रवारी."

शुक्रवारी लूमना सुट्टी. एरवी सगळ्या भिवंडीचे लूम वीज ओढायचे आणि आमची मोटर मध्येच मान टाकायची. शुक्रवारी वीज भरपूर, आणि गल्ली इतकी शांत की कावळ्याचे पाय पत्र्यावर वाजलेले ऐकू येत. बाने सागाची फळी काढली. ती त्याने कधी आणून ठेवली होती कोण जाणे. त्यावर पोपट काढले, समोरासमोर तोंड केलेले. मग फळी टेबलावर ठेवली, बटण दाबलं, पाठीपासून काप सुरू केला आणि मानेपाशी येऊन थांबला. डोळे चोळले. पुन्हा वाकला. "मंदा," म्हणाला, "मना रेघ दिसत न्हाय." रेघ ठळक होती. त्याचे डोळे भरले होते.

मी फळी धरली. मानेचं वळण नीट गेलं. बारीक पट्टीवर जोर लावायचा नसतो, तिच्या चालीने जायचं, लाकूड फिरवत राहायचं. महिनोन्‌महिने केलेलं तेच काम, पण माझ्या पाठीवर ताईची नजर होती. चोचीच्या आकड्यापाशी मी जरा घाई केली. लाकूड घट्ट झालं, जळका वास आला आणि पट्टी मागे वाकायला लागली. चालू मशीनवर फळी मागे ओढली असती तर पट्टी चाकावरून सुटून चोच तुटली असती. बाने बटण बंद केलं. ताई चळतीवरून उठली. "तुटला?"

"न्हाय," बा म्हणाला. "तू बस."

त्याने वरचं चाक हाताने उलटं फिरवलं, केसाकेसाने, आणि मी फळी मागे घेतली. चोच शाबूत होती. कडेला फक्त एक काळा डाग राहिला. वळणाच्या बाहेरच्या टाकाऊ लाकडात मी दोन-तीन आडवे काप दिले, म्हणजे तुकडे आपोआप गळत जातात आणि पट्टीला वळायला जागा मिळते. हे आधीच करायचं असतं. दुसऱ्यांदा चोच निघाली. ताईने पुढे होऊन तो पोपट हातात घेतला, डागावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे यो. घासू नको." मग मला म्हणाली, "चा देतस का? भूक लागलीय." ती आल्यापासून तिने स्वतःहून काही खायला-प्यायला मागितलं ते हेच पहिलं.

पाळणा पुढच्या आठवड्यात जोडून झाला. आई तोवर बाशी बोलली नव्हती. वाढायची, पण माझ्यामार्फत. "तुझ्या बाला इचार भात घालू का." मी आणि बाने दोन टोकं धरून पाळणा कारखान्यातून घराच्या दाराशी आणला. ताई मागे. आई उंबऱ्यावर उभी. दोन्ही हात चौकटीला.

"रिकामा आत येनार न्हाय," ती म्हणाली.

"आगं पन," बा म्हणाला.

"सांगितला ना."

ती वळून आत गेली. आम्ही पाळणा धरून तसेच उभे. माझे हात भरून आले. बा म्हणाला, "खाली ठेवू का," आणि ताई म्हणाली, "धरा." आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला. मग आई बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत, छातीशी, तिच्या जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते पाळण्यात ठेवलं आणि पाळणा एकदम जड झाला. वाकून बघितलं, तर पाट्यावरचा वरवंटा. एका टोकाला तिने काजळाचा ठिपकासुद्धा लावला होता. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात, त्याला बाळ म्हणून हातोहात फिरवतात, ते मी पाहिलं होतं. पण दोन महिने आधी कोणी निजवलेला पाहिला नव्हता.

"आता आना," आई म्हणाली. "आता रिकामा न्हाय."

वरवंटा पाळण्यात होता तोवर आमच्या घरात वाटण झालं नाही. खोबरं वाटायचं तर वरवंटा उठवावा लागेल, आणि उठवला की पाळणा रिकामा. शेजारणीचा मागून आणायला आई तयार नव्हती. कशाला हवा म्हणून विचारतील. म्हणून आम्ही पातळ, बेचव कालवण खाल्लं. येता-जाता आई पाळण्याला झोका द्यायची. दगडाच्या वजनाने तो संथ हलायचा. ताई खाटेवरून बघत पडायची, आणि एकदा मी तिला त्या दगडासाठी गुणगुणताना ऐकलं.

मुलगी झाली. रडली. मोठ्याने रडली, दवाखान्याच्या बाहेर बाला ऐकू आलं. पण पेढे कोणी वाटले नाहीत. दुसराही रडला होता. घरी आणल्यावर ती ताईच्या कुशीत निजायची आणि पाळण्यात वरवंटाच. आई बसल्या बसल्या पेंगायची आणि दचकून पोरीच्या नाकापुढे बोट धरायची. मी मशीनवर असताना सारखी मागे वळून दाराकडे बघायची, कोणी सांगायला येतंय का म्हणून. असे दिवस माणसाला जेवढं थकवतात, तेवढं कुठलंच काम थकवत नाही. बारा दिवस कसे गेले, ते आठवायचंही माझ्या जिवावर येतं.

बारशाला गल्लीतल्या बायका जमल्या. घुगऱ्या शिजल्या होत्या. एकीने रिवाजाप्रमाणे विचारलं, "वरवंटा कुठं हाय? आना." आणि ताई म्हणाली, "त्यो कवाचा निजलाय." बायकांना काही कळेना. आई पाळण्यापाशी गेली. गुंडाळलेल्या वरवंट्याखाली तिने हात घातले, लेकराला उचलतात तसे, मानेखाली एक आणि पाठीखाली एक. म्हणाली, "ऊठ रं बाबा. लय सांभाललास. आता जागा कर, मालकीन आलीय."

दगड पोटाशी धरूनच ती खाली बसली आणि रडायला लागली. त्या दोघांच्या वेळी ती रडली नव्हती. ताईला सांभाळायचं होतं, पाहुण्यांना चहा करायचा होता. ते सगळं त्या दिवशी, भरल्या घरात, ती रडली. तिला कोणी उठवेना आणि बाळ कोणी ठेवायचं तेही कोणाला सुचेना. ताईने बायकांच्या डोक्यांवरून दाराकडे बघितलं. तिथे बा उभा होता, सदऱ्यावर भुसा.

"बा," ती म्हणाली, "ये. तू ठेव."

बारशाच्या पाळण्याला पुरुषाने हात लावायची आमच्यात रीत नव्हती. बायकांनी वाट करून दिली. बाने दोन्ही हात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि मुलीला पाळण्यात ठेवलं.